मैदानावरील हिरवळीसाठी मातीचे तापमान कसे सांभाळावे

हिरवळीची मुळे हवेत नव्हे तर मातीत वाढतात, त्यामुळे हवेचे तापमान पाहून मैदानाची देखभाल ठरवण्याचा सल्ला मला मुळीच मान्य नाही. मातीत खुपसता येणारा साधा थर्मामीटर घ्यावा आणि 5 ते 10 सेंटिमीटर खोलीवर सकाळी व दुपारी ठरलेल्या वेळी, ठरलेल्याच जागी मोजमाप करावे. सावलीचा कोपरा, मैदानाचा मध्य आणि तुडवून घट्ट झालेली गोलपोस्टसमोरची जागा या तिन्हींची नोंद वेगळी ठेवावी.

आकड्यांचा अर्थ गवताच्या जातीवर अवलंबून असतो. राय किंवा ब्लूग्रास यांसारख्या थंडी मानवणाऱ्या गवतांची मुळे साधारण 10 ते 18 अंश सेल्सिअसच्या मातीत उत्तम वाढतात आणि माती 25 अंशांच्या पुढे राहू लागली की खंगू लागतात. हरळीच्या मुळांना 24 ते 29 अंश मानवतात. माती 10 अंशांच्या आसपास उतरली की हरळी सुप्तावस्थेत जाते.

उन्हाळ्याच्या तोंडावर कापणीची उंची थोडी वाढवावी, कापणीयंत्राची पाती धारदार ठेवावीत आणि थंडी मानवणाऱ्या गवताला भर उन्हात नत्राचा मोठा हप्ता देऊ नये.

खरी कसोटी लागते ती दुपारी गवत मलूल झाल्यावर. हा टप्पा मलाही फार अवघड गेला, कारण हिरवळ निळसर-करडी दिसू लागली आणि चालल्यावर पावलांचे ठसे तसेच राहू लागले की हात आपोआप नळाकडे जातो. सल्ला देणारेही तेच सांगतात: माती तापली आहे, भरपूर पाणी सोडा. हा सल्ला कित्येकदा घातक ठरतो. गवत स्वतःला थंड ठेवते ते पानांतून बाष्प सोडून, आणि त्यासाठी पाणी ओढायला मुळांना प्राणवायू लागतो. तो हवेच्या तुलनेत पाण्यातून सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. माती जितकी तापते तितकी मुळांची प्राणवायूची गरज वाढते, आणि नेमक्या त्याच वेळी आपण मातीतल्या पोकळ्या पाण्याने बुजवून टाकतो. मग पाण्यात उभे असलेले गवतही कोमेजते. शिवाय ओली माती दिवसाची उष्णता साठवून रात्री उशिरापर्यंत उबदार राहते आणि बुरशीला आयते रान मिळते.

म्हणून पाणी देण्यापूर्वी सुरीने हिरवळीचा एक तुकडा काढून पाहावाच. माती भुसभुशीत, कोरडी आणि मुळे पांढरी असतील तर पाणी कमी पडले आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे मुळांच्या खोलीपर्यंत पोहोचेल असे पाणी द्यावे आणि तोवर दुपारी पाने ओली होण्यापुरता एक-दोन मिनिटांचा शिडकावा करावा. हा शिडकावा पानांसाठी असतो, त्याने माती थंड होत नाही. मुळे तपकिरी व आखूड असून मातीला कुजट, सडलेल्या अंड्यासारखा वास येत असेल तर पाणी तोडावे, बारीक भरीव सळ्यांनी छिद्रे पाडून हवा आत जाऊ द्यावी आणि त्या भागावरचा खेळ थांबवावा. खेळ थांबवायला व्यवस्थापन नाखूश असते. तरीही ठाम राहावे, कारण अशा मुळांवर बूट पडले की तो पट्टा हंगामभर भरून येत नाही. यंत्राच्या पोकळ दातांनी मातीचे गाभे, म्हणजे लहान नळकांडीसारखे तुकडे, काढण्याचे मोठे काम मात्र गवत जोमात वाढत असतानाच करावे.

हिवाळ्यात काम तुलनेने सोपे असते. हवा खेळती राहील अशी आच्छादने रात्री घालावीत व दिवसा उघडावीत. जमिनीखाली गरम पाण्याच्या नळ्या असतील तर तापमान हळूहळू वाढवावे आणि ऊन कमी असताना माती उगाच तापवू नये, कारण प्रकाशाविना वाढलेले गवत लांबट व दुबळे निघते. पानांवर दहिवर गोठलेले असेल तर ते वितळेपर्यंत मैदानावर कोणालाही पाऊल ठेवू देऊ नये.