जुन्या धाब्याच्या घराचं काम काढताना आखाजीपासून मागे मोजा

आमच्या घराच्या कामाची पहिली तारीख ठरली ती शेवटची तारीख होती. २०२५ची आखाजी, म्हणजे खान्देशात लेकी माहेरी येतात ती अक्षय्य तृतीया, ३० एप्रिलला होती आणि लेक लग्नानंतर पहिल्यांदाच माहेरी राहायला येणार होती. मी वहीच्या पहिल्या पानावर ती तारीख लिहिली आणि तिथून मागे मोजत आले. खान्देशात जुनं घर दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते. कामाला कधी हात घालायचा हे नंतर बघा. आधी कोणत्या दिवशी घरात चूल पेटलीच पाहिजे ते ठरवा.

अमळनेरच्या जुन्या वस्तीत आमचं चार खणांचं घर आहे. सागाचे खांब, सागाच्या कड्या, वर धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, आणि पुढे ओटा. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर हातात पैसे आले आणि मागचे दोन खण पाडून तिथे स्लॅब घालायचं ठरवलं. पुढचे दोन खण तसेच ठेवले. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा धाब्याखालच्या खोलीत जी सावली मिळते ती स्लॅबखाली मिळत नाही. सगळं घर पाडायचा सल्ला देणारे खूप भेटतील. जे खण सरळ उभे आहेत, ज्यांच्या कड्यांना वाळवी नाही, ते पाडू नका.

मागे मोजताना आपल्याकडचं वर्ष मजुरांच्या बाजूने बघावं लागतं. दिवाळीच्या आधीपासून कापूस वेचणी सुरू होते आणि ती बरेच दिवस चालते, तेव्हा बिगारी मिळत नाहीत. होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यात भोंगऱ्याचे, म्हणजे आदिवासींच्या होळीच्या सणाचे, बाजार भरतात. चोपडा-शिरपूरकडून आलेले पावरा मजूर तेव्हा घरी जातात आणि होळी झाल्याशिवाय परत येत नाहीत. त्यांचा वर्षाचा सण आहे, त्यांनी जायलाच हवं. वैशाखात आमच्या गावात सखाराम महाराजांची यात्रा असते. हे दिवस ठेकेदार वेळापत्रकात धरत नाही आणि मग 'माणसं पळाली' म्हणून ओरडतो.

मी उलट केलं. होळी १३ मार्चला होती, म्हणून स्लॅब १ मार्चला टाकून घेतला. स्लॅब टाकल्यावर पहिले काही दिवस त्याखालचे टेकू काढायचे नसतातच आणि वर रोज पाणी धरायचं असतं. त्या दिवसांत मजुरांची गरज नाही, फक्त पाणी टाकणारं माणूस लागतं. ते मी होते. भोंगऱ्याची सुट्टी आणि स्लॅबचं पाणी धरणं एकाच वेळी पार पडलं, एक दिवस वाया गेला नाही. संक्रांतीनंतर पाडकाम, फेब्रुवारीत पाया आणि कॉलम, १ मार्चला स्लॅब, टेकू निघाल्यावर आतलं प्लास्टर आणि शेवटी फरशी, असा मागून पुढे आलेला हिशेब होता.

दिवाळी ते संक्रांत हा काळ कागदाचा. आतली डागडुजी, फरशी, रंग यासाठी परवानगीची कटकट नसते, पण छत बदलायचं, कॉलम उभे करायचे तर नगरपरिषदेकडून नकाशा मंजूर करून घ्या. सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक आणि भरलेली घरपट्टी हाताशी ठेवा; खेड्यात असाल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८चा उतारा. कागदावर अजून आजोबांचं नाव असेल तर तेच काम सर्वांत आधी हातात घ्या, त्यालाच सर्वांत जास्त वेळ लागतो. आणि शेजाऱ्याशी सामाईक भिंत असेल तर पाडकामाच्या आधी त्यांच्या घरी जाऊन चहा प्या, कोणत्या बाजूने काय निघणार ते दाखवा, भिंतीचे फोटो काढून ठेवा. आमचं हे बोलणं अर्ध्या तासात झालं आणि चार महिने कुणाचा आवाज चढला नाही.

आता धाबं उतरवणं. इथे जिवाचा धोका आहे, म्हणून सविस्तर सांगते. दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर एक फूट जाडीची माती म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे एक ब्रास. तिचं वजन साडेचार टनांच्या आसपास भरतं. दरवर्षी पावसाळ्याआधी वर खारी माती टाकत गेलेल्या घरांवर थर याहून जाड असतो. माती पूर्ण खाली आल्याशिवाय एकाही खांबाला, कडीला किंवा भिंतीला हात लावू देऊ नका. माती वरून, कडेपासून मध्याकडे, थोडी थोडी काढायची. एका जागी ढीग करायचा नाही आणि खालच्या खोलीत कुणी थांबायचं नाही. आमची पांढरी माती एका शेतकऱ्याने ट्रॉल्या भरून शेतात टाकायला नेली, त्यामुळे उचलायचा खर्च वाचला. सागाच्या कड्या विकायची घाई करू नका. आमच्या नव्या खोल्यांच्या चौकटी आणि दारं त्याच लाकडाची झाली.

मातीच्या भिंतीवर स्लॅब टेकवायचा नाही, कुणी कितीही खात्री दिली तरी. स्लॅबला स्वतःचे कॉलम आणि त्या कॉलमना स्वतःचा पाया लागतो, आणि तो इंजिनिअरनेच काढून द्यावा. आपली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर टेकलेला पाया वर-खाली होतो आणि भिंती तडकतात. खड्डे काळी संपून मुरूम लागेपर्यंत गेले का, ते स्वतः उतरून बघा. घराच्या बाजूने पावसाचं पाणी मुरू नये म्हणून चारही अंगांना उताराची फरशी किंवा कोबा करून घ्या.

आमचे मिस्त्री वयस्कर, सगळं गाव त्यांना नाना म्हणतं. मी पहिल्या दिवशी टाइल्सचं पुस्तक घेऊन बसले तर म्हणाले, "बाई, पहिले पानी कोठे जाई ते सांगा, मंग टाइल्स देखू." त्या एका वाक्याने माझी वही बदलली. मी घराचा आराखडा काढून त्यावर फक्त पाणी रंगवलं: टाकीचं निळं, सांडपाण्याचं काळं, गच्चीचं हिरवं. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून जमिनीखालच्या टाकीची जागा सर्वांत आधी ठरली आणि ती सांडपाण्याच्या चेंबरपासून लांब ठेवली.

स्लॅब टाकायच्या आदल्या दिवशी दोरी, पट्टी आणि वही घेऊन वर चढा. पंख्यांचे डबे, वायरिंगच्या नळ्या, पावसाच्या पाइपची भोकं, सगळं तेव्हाच बसलेलं असलं पाहिजे. आणि झोक्याचे कडे. आखाजीला लेकी झोका घेणार, तर जाड सळीचे कडे स्लॅबच्या लोखंडात आधीच बांधून घ्यावे लागतात. नंतर भोक पाडून ठोकलेल्या हुकवर माणसाचा भार टाकू नये. कडे कुठे आणि कितपत भार घेईल, तेही इंजिनिअरला विचारून.

स्लॅबवर दुसऱ्या दिवसापासून केळीच्या बागेत करतात तसे वाफे केले आणि त्यांत पाणी भरून ठेवलं. नियम किमान सात दिवसांचा आहे. कोरड्या उन्हात, आणि फ्लाय अ‍ॅशच्या (कोळशाची राख मिसळलेल्या) सिमेंटला, दहा दिवस तरी धरा. मी चौदा दिवस धरलं. कॉलमना बारदान गुंडाळून ते सकाळ-संध्याकाळ भिजवलं. एप्रिलचं प्लास्टर दुपारी बारा वाजता मारू देऊ नका. भिंत आधी भिजवा, सकाळी मारा आणि सात दिवस तिला तहान लागू देऊ नका. ज्या भिंतीवर बारीक भेगांची जाळी पडलेली दिसते, तिथे बहुतेक पाणी कमी पडलेलं असतं.

मालाची तपासणी ही बाईमाणसालाही सहज जमते. वाळूसाठी काचेची बरणी घ्या, अर्धी वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ. हलवून दोन-तीन तास ठेवा. वर बसलेला गाळ वाळूच्या दहाव्या हिश्शाहून जाड दिसला की मी गाडी परत पाठवायची. सळीचं वजन काट्याच्या पावतीवर सोडू नका. मिलिमीटरमधल्या जाडीचा वर्ग करून त्याला १६२ने भागलं की एका मीटरचं वजन किलोत येतं. बारा मिलिमीटरची बारा मीटर लांब सळी म्हणजे साधारण १०.७ किलो, सळ्या मोजा आणि गुणा. सिमेंटच्या गोण्या फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा, आणि पंधरा दिवसांत लागेल तेवढ्याच आणा.

संडास-बाथरूमबाबत मला फटका बसला. प्लंबरने घाई केली, मीही होकार दिला, आणि वॉटरप्रूफिंग झाल्या झाल्या टाइल्स बसल्या. आठ दिवसांत मागच्या खोलीची भिंत गुडघाभर ओली. सगळ्या टाइल्स उखडाव्या लागल्या. तुम्ही टाइल्सच्या आधी नाळी बंद करून पाणी भरा आणि पूर्ण दोन दिवस तसंच ठेवा. पातळीची खूण भिंतीवर पेन्सिलने करा. नळाच्या लाइनीही भिंतीत बुजवण्याआधी पंपाने दाब देऊन तपासा.

वायरिंगला दिव्यांसाठी दीड, सॉकेटला अडीच आणि कूलर-एसीच्या स्वतंत्र लाइनला चार चौरस मिलिमीटरची तार घ्या. तीस मिलिअँपचं ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग, यावर तडजोड नको. टाइल्स एकाच बॅचच्या आणि दहा टक्के जास्त घ्या. रंगाचं फार सांगण्यासारखं नाही: नव्या प्लास्टरला महिनाभर सुकू द्या. आम्ही आखाजीला फक्त चुना मारला, रंग दिवाळीनंतर दिला.

स्वयंपाकघराचा नकाशा आपल्या हाताने काढा. ओट्याची उंची माझ्या कोपरावरून ठरवली, ३३ इंच आली. पण खापरावरच्या (मातीच्या उलट्या भांड्यावर भाजायच्या) पुरणपोळ्या ओट्यावर होत नाहीत. परसदारी खाली बसून करायची चूल, तिच्यावर धूर जायला वाट आणि बाजूला पुरणाचं पातेलं ठेवायला जागा मी आखून घेतली. गच्चीचा जिनाही तसाच: उन्हाळ्यात बिबडे, कुरडया, पापड वाळवायला डोक्यावर पाटी घेऊन चढायचं असतं. पायरी सात इंच उंच आणि दहा इंच रुंद असेल तरच ते जमतं.

पैशाचं थोडक्यात. आम्ही मजुरी उक्ती दिली आणि माल स्वतः आणला. पाया, स्लॅब, प्लास्टर, फरशी असे टप्पे कागदावर लिहून प्रत्येक टप्पा झाल्यावर पैसे दिले. उचल दिली ती त्याच दिवशी वहीत, सहीसकट. एकूण अंदाजाच्या सहाव्या भागाएवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवली होती. बाथरूम आणि एक अनपेक्षित वाकलेली कडी, त्यात ती सगळी गेली. शेवटचे वीस हजार रोखून ठेवले आणि नानांना आधीच सांगितलं की हे पहिल्या पावसानंतर मिळतील. ते चटकन हो म्हणाले.

पहिला मोठा पाऊस रात्री आला. मी बॅटरी घेऊन गच्चीवर, मग खोल्यांत फिरले. पाणी पाइपने नीट उतरत होतं, पण जुनं धाबं आणि नवा स्लॅब जिथे भेटतात त्या सांध्यातून एक ओली रेघ उतरली होती. तिच्या दोन्ही टोकांना खडूने खूण केली. तिसऱ्या दिवशी नाना आले, सांधा खोदून भरला, वर पत्र्याची पट्टी बसवली. पुढच्या पावसात रेघ खडूपर्यंत आली नाही, तेव्हा वीस हजार दिले.