नियम बदलला? मग नीट भांडा: क्लास आणि स्पीशीजचे वाद टेबलावर कसे सोडवावेत

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, म्हणजे प्रत्येकाने एक काल्पनिक पात्र (कॅरॅक्टर) घेऊन फाशांवर कथा खेळायच्या खेळात नवे नियम आले की टेबलावर फासे कमी आणि तोंडंच जास्त चालतात. पात्राचा पेशा म्हणजे क्लास (पॅलाडिन हा धर्मयोद्धा, विझार्ड हा जादूगार), आणि त्याची जमात म्हणजे स्पीशीज (ऑर्क, एल्फ, नोम). एक म्हणतो, "पॅलाडिनची वाट लावली." दुसरा म्हणतो, "बरं झालं, फार माजला होता." तासाभराने बघावं तर दोघंही जिथल्या तिथे. मला असे वाद आवडतात, पण ते निकाली निघावेत असं वाटत असेल तर थोडी शिस्त लागते.

पहिलं काम: नियम मोठ्याने वाचा

जुना आणि नवा, दोन्ही. निम्मी भांडणं ऐकीव माहितीवर होतात. पॅलाडिनचा डिव्हाइन स्माइट, म्हणजे वाराला दैवी जोर देणारी ताकद, घ्या. २०१४च्या नियमांत शस्त्राचा वार लागला की स्पेल स्लॉट (मंत्र टाकण्याचा मोजका साठा) खर्चून जादा डॅमेज (इजा) देता यायचं, आणि एका टर्नमध्ये दोन वार लागले तर दोन्हींवर. २०२४मध्ये स्माइट हा स्पेल (मंत्र) झाला आणि त्याला बोनस ॲक्शन (टर्नमधली एकच छोटी जादा कृती) लागते, म्हणजे टर्नला एकदाच. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण तो स्पेल झाला म्हणजे शत्रू त्यावर काउंटरस्पेलही (मंत्र उधळणारा मंत्र) टाकू शकतो, हे वाचताना कोणाच्या तरी लक्षात येतं आणि वादाला खरा मुद्दा मिळतो.

दुसरं: भांडण आकड्याचं आहे की चित्राचं, ते ठरवा

माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. २०१४च्या पुस्तकात हाफ-ऑर्कला (ऑर्क आणि माणूस यांच्या संकराला) जन्मतःच स्ट्रेंग्थ (ताकद) +२ आणि कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) +१ मिळायचं. २०२०मध्ये हे बोनस हवे तिकडे हलवण्याची पर्यायी मुभा आली. डिसेंबर २०२२मध्ये 'रेस' हा शब्द काढून 'स्पीशीज' आणणार असल्याचं जाहीर झालं, आणि २०२४मध्ये बोनस स्पीशीजकडून बॅकग्राउंडकडे (पात्राच्या पूर्वायुष्याकडे) गेले. आता "ऑर्क जात्याच बलदंड असावा की नाही?" हा प्रश्न चित्राचा आहे. तुमच्या जगातले ऑर्क कसे दिसतात, कसे वाढतात, याचा. त्याला कोणतंही गणित उत्तर देणार नाही. "जुन्या नियमांत हाफ-ऑर्क विझार्ड मागे पडायचा का?" हा मात्र आकड्याचा प्रश्न, आणि तो पाच मिनिटांत सुटतो. गंमत अशी की लोकांना टोचत असतं चित्र, आणि वाद घालतात आकड्यांवर.

तिसरं: आकड्याचा प्रश्न असेल तर कागद घ्या

पहिल्या लेव्हलचे दोन विझार्ड धरा, दोघांनीही इंटेलिजन्सला १५ दिलेत (विझार्डची जादू याच गुणावर चालते). जुन्या नियमांनी नोमला +२ मिळून १७ होतात, म्हणजे मॉडिफायर (फाशाच्या आकड्यात मिळवायची भर) +३. हाफ-ऑर्कचे १५च राहतात, म्हणजे +२. प्रोफिशियन्सीचे (कसबाचे) २ मिळवा: एकाचा हल्ला +५, दुसऱ्याचा +४. समोरच्याचा आर्मर क्लास (वार लागायला गाठायचा आकडा) १४ असेल तर नोमला वीस बाजूंच्या फाशावर ९ किंवा जास्त हवेत, हाफ-ऑर्कला १०. म्हणजे ६०% आणि ५५%. वीस फेकींमध्ये एक फेक. फायर बोल्ट या मंत्राचं डॅमेज सरासरी ५.५ धरलं तर दर फेकीला साधारण ३.३ विरुद्ध ३. स्पेलच्या सेव्ह डीसीतही (मंत्र चुकवायला समोरच्याने गाठायच्या आकड्यातही) एकाचाच फरक. खेळताना हा फरक क्वचितच कळतो. कॅरॅक्टर बनवताना मात्र तो सलतो. माणसं हाफ-ऑर्क विझार्ड निवडायचीच नाहीत त्याचं कारण हे सलणं होतं.

स्माइटचंही तसंच करा. पाचव्या लेव्हलच्या पॅलाडिनकडे दुसऱ्या लेव्हलचे दोन स्लॉट असतात आणि प्रत्येकाचे ३डी८ (आठ बाजूंचे तीन फासे), म्हणजे सरासरी १३.५. पूर्वी दोन्ही वार लागले तर एकाच टर्नमध्ये २७ जादा, आता १३.५. पण न वापरलेला स्लॉट कुठे जात नाही, पुढच्या टर्नला तो हाताशी असतोच. म्हणजे गेला तो एका दमात दोन्ही स्लॉट ओतण्याचा धडाका, आणि वर बोनस ॲक्शन अडकते. "पॅलाडिन दुबळा झाला" यापेक्षा "त्याला आता मुख्य राक्षस एका टर्नमध्ये लोळवता येत नाही" ही तक्रार कितीतरी नेमकी आहे. आणि अशी मांडली की डीएम (खेळ चालवणारा) हळूच हसताना दिसतो.

चौथं: "पूर्वी असंच होतं" म्हणण्याआधी कुठलं पूर्वी ते सांगा

१९८१च्या बेसिक नियमांत एल्फ हा चक्क एक क्लास होता. १९७८च्या ॲडव्हान्स्ड नियमांत माणूस नसलेल्या बहुतेक कॅरॅक्टरांना ठरावीक लेव्हलपुढे जाता येत नसे. ती अट २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत गेली. परंपरेचा दाखला देणाऱ्याला तीही हवी आहे का, एवढं विचारावं.

पाचवं: तक्रारीबरोबर प्रसंग जोडा

फेब्रुवारी २०२३च्या चाचणी-नियमांत ड्रुइड या क्लासच्या वाइल्ड शेपसाठी (प्राण्याचं रूप घेण्यासाठी) खरे प्राणी काढून जमीन, पाणी आणि आकाश असे तीन ठरावीक साचे दिले होते. "बेकार आहे" म्हणणारे खूप भेटले. पण "अस्वल झालो काय नि लांडगा झालो काय, आकडे तेच, मग प्राणी निवडायचा कशाला?" या वाक्यात दोष कुठे आहे ते कळतं. अंतिम नियमांत खरे प्राणी परत आले.

शेवटचं: तीन सेशन खेळून बघा

मुदत आधीच ठरवा, नाहीतर 'तात्पुरता' नियम वर्षभर मुक्काम ठोकतो. ज्याच्या कॅरॅक्टरला झळ बसणार आहे त्याला आधी बोलू द्या, आणि पटलं नाही तर एकदा कॅरॅक्टर फुकट बदलू द्या. आमच्या टेबलावर एक हाफ-एल्फ बार्ड (गाण्यातून जादू करणारी) अर्ध्या कॅम्पेनमध्ये (चालू कथेत) अडकली होती, कारण २०२४च्या प्लेअर्स हँडबुकमधल्या दहा स्पीशीजमध्ये हाफ-एल्फ नाही. दोन आठवडे चर्चा झाली. मग कोणीतरी पुस्तक उघडलं: जुनी स्पीशीज वापरता येते, फक्त तिचे स्कोअर-बोनस सोडून बॅकग्राउंडचे घ्यायचे. बार्डने पेन्सिलने दोन आकडे खोडले, आणि आम्ही खेळायला बसलो.