गोव्याच्या किनाऱ्यावर ताई ची: गुडघे धरून परतायचं नसेल तर या चुका टाळा

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत हरमल, मांद्रे, आश्वे या पट्ट्यात सकाळी फिरायला निघालात, तर योगवाल्यांच्या शेजारी संथपणे हात फिरवणारा, ताई ची हा चिनी व्यायामप्रकार करणारा एखादा घोळकाही दिसतो. सुट्टीवर आलेली मंडळी हौसेनं त्यात उभी राहतात आणि दोन-चार दिवसांत त्यातले काही जण गुडघा चोळत बसतात. गंमत अशी की, अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये गुडघ्याच्या संधिवातासाठी ताई चीची ठाम शिफारस आहे. मग दुखतं का? बहुतेक वेळा वाळूमुळे आणि घाईमुळे.

वजन टाकलेलं पाऊल वळवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ‘रानघोड्याची आयाळ’ ही सुरुवातीचीच हालचाल घ्या. एक पाऊल पुढे टाकून वजन त्यावर आणलं, की पुढच्या पावलासाठी तोच पाय बाहेरच्या बाजूला वळवायचा असतो. गुळगुळीत फरशीवर वजनासकट तळवा थोडा घसरतो आणि चूक खपून जाते. वाळूत मात्र पाऊल दोन बोटं रुतलेलं असतं. कंबर वळते, पाऊल जागचं हलत नाही आणि मधला सगळा पीळ गुडघ्यावर येतो. गुडघा मुख्यतः दुमडण्या-उघडण्यासाठी आहे, वळायचं काम खुब्याचं.

उपाय सोपा आहे. आधी वजन मागच्या पायावर घ्या, पुढच्या पायाचा चवडा उचला, कंबरेबरोबर टाचेवर वळा आणि मगच वजन पुढे सोडा. वाळू फारच भुसभुशीत असेल तर सरळ पाऊल उचलून नव्या दिशेला ठेवा. डौल थोडा कमी होईल, होऊ द्या. आपलं चुकतंय का, हे वाळूच सांगते: हालचालींची मालिका संपल्यावर मागे वळून ठसे बघा. टाच-बोटं स्वच्छ उमटली असतील तर ठीक. चवड्यापाशी वाळू खरवडून कमान झाली असेल, तर तुम्ही वजनासकट वळलात.

जागा आणि वेळ न बघणं

किनारा सपाट दिसतो, पण समुद्राकडे उतरता असतो. किनाऱ्याला समांतर तोंड करून उभे राहिलात तर एक पाय कायम खाली राहतो, आणि त्या बाजूची कंबर संध्याकाळी बोलू लागते. ओहोटीच्या वेळी उघडी पडणारी ओली, घट्ट वाळू सर्वांत चांगली. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पहाटे ओहोटी असते, त्यामुळे तेव्हा जागा भरपूर मिळते. अष्टमीच्या आसपास उलट, म्हणून त्या दिवसांत माडांखालची टणक जमीन किंवा राहत्या जागेचं अंगण पाहा. भरती-ओहोटी रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, हे लक्षात ठेवलं तर अंदाज चुकत नाही. अनवाणी करायला हरकत नाही, फक्त शॅकच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या खानावळींच्या, जवळ आदल्या रात्रीच्या बाटल्यांच्या काचा असू शकतात. मधुमेहामुळे तळव्यांची संवेदना कमी झाली असेल तर पातळ, सपाट तळाचे बूट घालाच. मोरजीला कासवांच्या अंड्यांसाठी राखलेल्या जागेपासून लांब राहा.

फार खाली बसणं

व्हिडिओतला तरुण कुस्तीगिरासारखा खोल पवित्रा घेतो म्हणून आपणही घ्यावा असं काही नाही. उंच उभं राहून केलेली ताई चीही ताई चीच असते. मांड्या भरून आल्या तर चालेल, पण गुडघ्याच्या आतल्या बाजूला कळ आली तर तिथेच थांबा. दुसऱ्या दिवशी सूज दिसली तर वर्गाला सुट्टी द्या आणि डॉक्टरांना दाखवा.

तोल जातोय? लाटांकडे बघू नका. सगळं हलत असताना एका पायावर उभं राहणं अवघडच. नजर माडाच्या बुंध्यावर किंवा ओढून ठेवलेल्या होडीवर ठेवा. पावलांकडेही सारखं पाहू नका, मान आखडते.

खांदे कानाला भिडत असतील तर कोपरं जमिनीकडे सोडा. श्वास हालचालीशी जुळवण्याच्या नादात कोंडला जातो, तेव्हा जुळवाजुळव आधी सोडून द्या. मध्येच एखादं वाक्य सहज बोलता आलं, तर श्वास ठीक चाललाय. चक्कर येत असेल तर ती बहुधा रिकामं पोट, नुसती कॉफी आणि दमट हवेची करामत. आधी पाणी आणि एखादं केळं पोटात जाऊ द्या. रक्तदाबाची गोळी चालू असताना चक्कर येत असेल, तर मात्र हा विषय डॉक्टरांकडे न्या.

आठवड्यात सगळं शिकण्याचा हट्ट

१९५६ मध्ये चीनमध्ये ताई चीची यांग शैली आटोपशीर करून २४ हालचालींची मालिका बसवली गेली. येत असेल तर ती पाच-सहा मिनिटांत होते, म्हणून आठवड्यात येईल असं वाटतं. येत नाही. पाठ होते फार तर, तीही घरी पोचेपर्यंत. वर सकाळी एका शिक्षकाकडे चेन ही ताई चीची वेगळीच शैली आणि रात्री खोलीत यांग शैलीचे व्हिडिओ, अशी खिचडी करणारेही भेटतात. सुट्टीपुरत्या चार हालचाली पुरेत: प्रारंभ, रानघोड्याची आयाळ, ढगांसारखे हात आणि समारोप. शेवटच्या दिवशी शिक्षकांना विचारून त्या स्वतःच्या मोबाइलवर पाठमोऱ्या चित्रित करून घ्या, म्हणजे घरी गच्चीत करताना डावं-उजवं उलटं होत नाही.