पद्मिनी गाडीला करंट येत नसेल तर आधी हे बघा

सेल्फ फिरतोय, पेट्रोल येतंय, पण जुनी प्रीमियर पद्मिनी काही पकडत नाही, तर लगेच नवीन कॉइल (ठिणगीसाठी बॅटरीचा व्होल्टेज वाढवणारी) आणायला पळू नका, निम्म्या वेळा कॉइल ठणठणीत असते. गाडी न्यूट्रलला, पेट्रोल कुठं सांडलेलं नाही ना बघा आणि डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला करंट वाटणारा भाग) कॅपच्या मधली, कॉइलकडून येणारी जाड वायर उपसून रबरी मुठीच्या पकडीने ब्लॉकपासून 5-6 मिमीवर धरा, दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळी ठिणगी कडकडली तर दोष पुढे आहे, म्हणजे कॅप (आतून केसासारखी काळी रेघ दिसते, पावसाळ्यात तर हमखास), रोटर (कॅपच्या आत फिरणारा तुकडा) नाहीतर प्लगच्या वायरी.

ठिणगीच नाही? मग टेस्ट लॅम्प (दोन वायरींचा बल्ब) घ्या, एक वायर बॉडीला लावा, चावी ऑन करा. कॉइलच्या स्विचकडच्या टोकाला पेटला नाही तर दोष वायरिंग किंवा इग्निशन स्विचमध्ये. पेटला तर डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला लावून सेल्फ मारा, तिथं तो लुकलुकला पाहिजे. सलग पेटलेला राहिला तर पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले उघडझाप करणारे संपर्क) जळालेत किंवा टेकतच नाहीत, पॉलिश पेपर मारा, गॅप साधारण 0.4 ते 0.5 मिमी ठेवा. अजिबात पेटला नाही तर पॉइंट चिकटलेत, कंडेन्सर (पॉइंटला जोडलेली छोटी डबी) शॉर्ट आहे किंवा कॉइल आतून तुटलीय, कॉइलच निघाली तर आता आणा खुशाल नवीन.