बेळगावहून वेंगुर्ला-रेडीचा किनारा: पंचांग बघून आखायची तीन दिवसांची सहल

बेळगावातून हिंडलग्याच्या पुढे निघणाऱ्या रस्त्याला आपण वेंगुर्ला रोड म्हणतो. नाव जुनं आहे. या भागाचा माल पूर्वी याच वाटेने बंदरावर जायचा. समुद्र आपल्यापासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. तरीही बेळगावची बरीच कुटुंबं एका दिवसात मालवण, वेंगुर्ला, शिरोडा आणि जमलं तर गोवा असा बेत करतात. दिवस गाडीत जातो आणि समुद्र खिडकीतूनच दिसतो. किनारा पाहायचा तर तुकडा लहान निवडा. वेंगुर्ल्यापासून रेडीपर्यंतचा पट्टा साधारण पंचवीस किलोमीटरचा आहे. तीन दिवसांना तो पुरतो आणि थोडा उरतोही.

तारीख ठरवताना आधी पंचांग उघडा

हॉटेलचं बुकिंग त्यानंतर करा. ओहोटीला जिथे मैलभर चालता येतं, तीच पुळण भरतीला कधी कधी सुरूच्या झाडांपर्यंत पाण्याखाली असते. किनाऱ्यावरच्या लोकांचा हिशेब सोपा आहे: तिथीच्या पाऊणपट वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला (तिथी १५ धरून) सव्वाअकराला. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो. दुसरी भरती सुमारे साडेबारा तासांनी येते आणि दोन भरत्यांच्या मध्ये ओहोटी असते. रोज ही वेळ पाऊण-पाऊण तासाने पुढे सरकते.

सहलीच्या दृष्टीने याचा अर्थ असा. त्रयोदशीपासून पौर्णिमा किंवा अमावास्येपर्यंतच्या दिवसांत ओहोटी दुपारी चार ते साडेपाचच्या सुमारास लागते. ऊन उतरलेलं, वाळू ओली आणि घट्ट, वर सूर्यास्त. चालायला याहून चांगली वेळ नाही. याच दिवसांत सकाळी दहा-अकराला खाडी भरलेली असते, म्हणून कांदळवनातली होडीची फेरीही जमते. अष्टमीच्या आसपास उलटं होतं: वाळू मोकळी होते भर दुपारी, आणि संध्याकाळी पाणी वर आलेलं असतं. त्या दिवसांत होडी सकाळी सातची ठरवा आणि संध्याकाळी रेडीच्या गडावर जा.

पौर्णिमा-अमावास्येच्या भरतीला उधाण म्हणतात, अष्टमीच्या सुमाराच्या कमजोर भरतीला भांग. उधाणाच्या दिवसांत पाणी जास्त चढतं, तेवढंच जोरात उतरतंही. पोहण्याच्या बाबतीत हे लक्षात ठेवावंच लागतं, ते पुढे येईल.

महिना विचाराल तर ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत हवा सुखाची असते. मार्च ते मे घाम फार, पण ओले काजू आणि पुढे हापूस याच काळात मिळतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि समुद्रात उतरण्याचा प्रश्नच येत नाही. पावसाळ्यात निघायचं असेल तर आंबोलीपर्यंतच जावं, खाली उतरू नये.

कुठल्या घाटाने उतरायचं

बेळगाव शहर आणि पश्चिमेकडच्या गावांनी शिनोळी, पाटणे फाटा, नागनवाडी, चंदगड करत आंबोलीला यावं. निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडच्यांना संकेश्वर-गडहिंग्लज-आजरा-आंबोली हा रस्ता सोयीचा. खानापूर-जांबोटीकडच्यांना कणकुंबीवरून चोर्ला घाट जवळ पडतो. तो साखळीकडे गोव्यात उतरतो आणि तिथून पेडण्याच्या बाजूने रेडीला येता येतं. अशांनी सहल उलटी करावी: आधी रेडी, शेवटी वेंगुर्ला. चंदगडवरून तिळारी घाटानेही कोकणात जाता येतं, पण त्याचा उतार फार तीव्र आहे आणि वळणं अगदी आखूड. नवशिक्या चालकाने किंवा भरलेल्या गाडीने तो टाळावा.

सकाळी सहाला बेळगाव सोडलं तर नाश्त्याला आंबोली आणि दहा-साडेदहापर्यंत वेंगुर्ला गाठता येतं. आंबोलीत हिरण्यकेशीचा उगम पाहायला अर्धा तास ठेवा. गडहिंग्लज-संकेश्वरच्या शेतांना पाणी देत घटप्रभेला मिळणारी नदी ती हीच.

घाट उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा. चढताना जो गिअर लागला असता तोच उतरताना. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर पट्ट्या तापतात, जळका वास येतो आणि ब्रेकची पकड सुटू लागते. वास आलाच तर रुंद जागा पाहून गाडी बाजूला घ्या आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नका. गाडी लागणाऱ्यांना रिकाम्या पोटी नेऊ नका आणि मिसळ खाऊनही नेऊ नका. दोन इडल्या, तोंडात आवळासुपारी आणि पुढची सीट एवढं बहुतेकांना पुरतं. परतताना अंधार पडायच्या आत घाट चढून चंदगड ओलांडा, रात्री या रस्त्यावर गवे आडवे येतात.

एसटीने जाणाऱ्यांसाठी: कर्नाटकाची महिलांसाठीची मोफत प्रवासाची शक्ती योजना राज्याच्या आतली आहे, सावंतवाडी-वेंगुर्ल्याला तिकीट काढावं लागतं. सीमाप्रश्नावरून वातावरण तापलं की दोन्ही राज्यांच्या गाड्या हद्दीवरच थांबतात. म्हणून १ नोव्हेंबरच्या (कर्नाटक राज्योत्सव, सीमाभागातला काळा दिन) आसपास आणि कर्नाटक विधिमंडळाच्या बेळगावातल्या अधिवेशनाच्या दिवसांत निघायच्या आदल्या संध्याकाळी स्टँडवर विचारून घ्या.

तीन दिवस कसे घालवायचे

राहायला घरगुती निवास घ्या. फोनवर तीन गोष्टी विचारा: समुद्र चालत किती मिनिटांवर आहे, वीज गेल्यावर पंखा चालतो का, आणि जेवण किती वाजता सांगावं लागतं. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. तिथे मासळी सकाळी येते, घरचे तेवढीच घेतात जेवढी सांगितलेली असते. दुपारी एकला पोचून सुरमई मागितली तर नसते. घरच्या काकींना आदल्या रात्री सांगा आणि "उद्या जे ताजं येईल ते" असंच सांगा. बांगडा, तारली, मुडदुशी यांना सुरमई-पापलेटपेक्षा कमी समजू नका. सोमवार-गुरुवार पाळणाऱ्यांचंही अडत नाही: काळ्या वाटाण्याची उसळ, आंबोळ्या, घावन, सोलकढी.

पहिला दिवस वेंगुर्ल्याचा. सतराव्या शतकात डचांनी इथे वखार बांधली, तिचे पडके अवशेष गावात आहेत. बंदर, नवाबाग, मांडवीची खाडी हे सगळं जवळजवळ आहे. खाडीतली कांदळवनाची होडी भरतीच्या वेळीच घ्या. ओहोटीला अरुंद फाट्यांत होडी शिरत नाही, मुख्य पात्रातूनच फिरून परत आणतात आणि पैसे तेवढेच पडतात. नवाबागेला दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर गेलात तर रापण ओढताना दिसण्याची शक्यता आहे: जाळं अर्धगोलात टाकून दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढतात. बघायचं असेल तर दोराच्या बाहेरच्या बाजूला उभे राहा, दोर ओलांडू नका.

दुसरा दिवस दक्षिणेचा. वाटेत सागरेश्वर आणि मोचेमाड. अरवलीत वेतोबाचं देऊळ आहे, जिथे नवसाला केळीचे घड आणि मोठ्या चामडी वहाणा वाहतात. दुपारनंतर शिरोड्याला या. इथल्या मिठागरांवर १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. मिठाचे वाफे उन्हाळ्यात पाहावेत, पावसानंतरच्या महिन्यांत तिथे नुसतं पाणी दिसतं. ओहोटी लागली की वेळागरच्या पुळणीवरून अरवलीच्या सागरतीर्थाकडे चालत निघा. चप्पल हातात घ्या, पाण्याच्या कडेच्या घट्ट वाळूवरून चाला. तासाला तीन-चार किलोमीटर सहज होतात. कोरड्या भुसभुशीत वाळूतून निघालात तर अर्ध्या तासात पोटऱ्या भरून येतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी रेडीचा यशवंतगड आणि गणपती. वेळ उरला तर पुढे गोव्याच्या हद्दीतल्या तेरेखोलच्या किल्ल्यापर्यंत जा, नदीच्या मुखावरून पलीकडचा किनारा दिसतो. जेवून परतीला लागा.

पाण्यात उतरताना

आपल्याकडची मुलं विहिरीत, मलप्रभेत, मार्कंडेयात पोहायला शिकतात आणि तेवढ्या भरवशावर समुद्रात जातात. विहिरीचं पाणी एका जागी असतं. समुद्रात, खास करून ओहोटी जोरात असताना, वाळूवर आलेलं पाणी एका चिंचोळ्या पट्ट्यातून परत आत जातं. त्या पट्ट्याची खूण अशी: दोन्ही बाजूंना लाटा फुटतात, मध्ये मात्र पाणी शांत दिसतं, रंग गढूळ, फेस आत वाहत जाताना दिसतो. नवख्या माणसाला तीच जागा सुरक्षित वाटते आणि तिथेच तो मुलांना घेऊन उतरतो.

ओढीत सापडल्यावर किनाऱ्याकडे सरळ पोहू नका, त्यात दम संपतो. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहा. पट्टा अरुंद असतो, तो सुटला की लाटांबरोबर तिरकं बाहेर या. पोहता येत नसेल तर उताणं तरंगत हात वर करा. मदतीला साखळी करून आत धावू नका, दोर किंवा रिकामा हवाबंद कॅन फेका आणि कोळ्यांना हाक मारा. एका माणसामागे चौघे जातात ते अशाच धावण्याने.

म्हणून नियम कडक ठेवा. कमरेच्या वर पाणी नको. खाडीच्या मुखाजवळ उतरूच नका. उधाणाच्या दिवसांत दुपारी एक ते चार पाणी वेगाने उतरत असतं, तेव्हा फक्त पाय भिजवा. जेवून किंवा दारू पिऊन जाऊ नका. गुडघाभर पाण्यात पाय घासत चाला, वाळूत दडलेलं पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) आधीच निघून जातं. काटा लागलाच तर पाय सोसवेल तितक्या गरम पाण्यात ठेवून दवाखाना गाठा.

गाडी पुळणीवर नेऊ नका. चाकं रुततात, भरती येते, आणि कासवांची अंडी त्याच वाळूत असतात. वेंगुर्ल्याच्या उत्तरेला वायंगणीच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात कासविणी रात्री वर येतात. तिथे टॉर्च आणि मोबाइलचा फ्लॅश बंदच ठेवायचा, पिल्लं उजेडाच्या दिशेने भरकटतात.

मासळी घरी आणायची तर

निघायच्या दिवशी सकाळी बाजारातून घ्या. कल्ले लाल, डोळा फुगीर आणि चकचकीत, बोटाने दाबलं तर मांस परत वर यायला हवं. पोट फुटलेला बांगडा घेऊ नका, तो लवकर बिघडतो आणि खाल्ल्यावर अंगाला खाज सुटते. मासे तिथेच साफ करून घ्या. थर्माकोलच्या पेटीत मासळीइतकाच बर्फ, एक थर बर्फ एक थर मासे असं भरा, तळाला पाणी निथळायला भोक पाडा आणि खाली जुनी पातेली ठेवा. वितळलेल्या पाण्यात मासा बसून राहिला की चव जाते. सुके बांगडे दोन पिशव्यांत घट्ट बांधून डिकीत ठेवा, सीटखाली ठेवलेत तर गाडीला महिनाभर वास राहील. पायांची ओली वाळू टाल्कम पावडर लावली की झटकन निघते. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या, खाऱ्या हवेचा आणि वाळूचा थर तसाच राहिला तर सायलेन्सरला गंज लागतो.