सांदवाडीत कामाची खोली काढताय?

चित्रं, शिवणकाम, मातीकाम, काहीही असो. घरामागं सांदवाडीत स्वतःची खोली हवी असेल तर आधी मे महिन्याचा विचार करा. अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो, नुसत्या टिनाखाली दुपारी ब्रश धरवत नाही. जुना कोठा रिकामा असेल आणि त्यावर मातीचे कवेलू असतील तर ते काढायची घाई करू नका. टिनच टाकायचं असेल तर दरवर्षी होळीच्या सुमारास वरून पांढरा चुना मारा आणि आतून, टिनाच्या हातभर खाली, तुराट्यांचा तट्टा बांधा. मधून वारा खेळला पाहिजे. कपाशीच्या पऱ्हाट्या मात्र नकोत, त्यांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. शेजारचा वावरवाला कशाला दुखवायचा?

खिडकी उत्तरेला ठेवा, तिकडून थेट ऊन फारसं येत नाही आणि रंग दिवसभर सारखे दिसतात. पश्चिमेची भिंत बंदच बरी.

नवं बांधकाम काळ्या मातीत असेल तर पायात कंजुषी नको. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, भिंतीही तडकवते. मुरूम लागेपर्यंत खोदा. कागद-कापडाचं कपाट भिंतीपासून वीतभर दूर ठेवा, म्हणजे उधई चढली तर लगेच दिसेल.