किंगडोमिनो खेळताना या चुका टाळा

किंगडोमिनो हा डॉमिनो, म्हणजे दोन-दोन घरांचे तुकडे, जोडून आपलं राज्य उभारण्याचा बैठा खेळ. प्रत्येक घरावर गव्हाचं शेत, खाण असा एखादा प्रदेश असतो आणि काही घरांवर मुकुट. खेळाचे नियम पाच मिनिटांत सांगून होतात आणि डाव पंधरा-वीस मिनिटांत आटोपतो. रात्रीची जेवणं उरकली की आजीपासून आठ वर्षांच्या नातीपर्यंत कुणीही चौघं बसू शकतात. ब्रुनो काथाला या फ्रेंच खेळरचनाकाराच्या या खेळाला २०१७ मध्ये जर्मनीतला ‘श्पील देस यारेस’ हा मानाचा पुरस्कार मिळाला, तो उगीच नाही. पण नियम सोपे म्हणून ते घाईत वाचले जातात आणि घरोघरी तेच घोळ होतात. हरल्यावर खापर नशिबावर! ‘मला चांगले डॉमिनोच आले नाहीत.’ खरं तर डॉमिनो बहुधा ठीक असतात, जागा वाया गेलेली असते.

नियमांतले घोळ

नवा डॉमिनो लावताना त्याच्या सगळ्या बाजू शेजारच्या घरांशी जुळाव्या लागतात, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. एक घर एका ठिकाणी जुळलं की पुरे. राज्याची सुरुवात ज्या घरापासून होते त्या किल्ल्याला तर कोणताही प्रदेश चिकटतो. तिरकी जुळणी मात्र धरत नाहीत. आपली पाळी आली की आधी निवडून ठेवलेला डॉमिनो राज्यात लावायचा आणि मगच पुढचा डॉमिनो निवडायला राजाची सोंगटी मांडलेल्या डॉमिनोंच्या नव्या रांगेत ठेवायची. हा क्रम उलटा केला की माणसं दोन-दोन डॉमिनोंचे बेत करत बसतात आणि डाव रेंगाळतो.

मुकुटांकडे दुर्लक्ष

गुण म्हणजे सलग प्रदेशातली घरं गुणिले त्यातले मुकुट. नऊ घरांचं डौलदार गव्हाचं शेत, पण मुकुट एकही नाही, तर गुण शून्य. एकमेकांना न लागलेली दोन शेतं वेगवेगळी मोजायची, हेही विसरलं जातं.

४८ डॉमिनोंवर मिळून ९६ घरं आहेत. त्यांत गव्हाची घरं २६, पण मुकुट फक्त ५. खाणीची घरं जेमतेम ६, त्यांवर मुकुट १०! म्हणून सात मुकुटांची तीन घरांची खाण २१ गुण देते. एका मुकुटाच्या शेताला तेवढ्यासाठी २१ घरं लागतील. पण खाणींवरच डोळा ठेवून बसू नका. दोघं खेळत असाल तर २४ डॉमिनो डब्यातच राहतात आणि त्यांत खाणीही असू शकतात.

जागेचा हिशेब

खरा डाव इथे हातचा जातो. प्रत्येकाला १२ डॉमिनो मिळतात, म्हणजे २४ घरं. त्यात किल्ल्याचं एक मिळवलं की राज्याची मर्यादा असलेला पाच बाय पाचचा चौक बरोब्बर भरतो. कुठेही एकटं घर चारी बाजूंनी कोंडलं, की ते कायमचं गेलं, कारण एका घराचा डॉमिनो नसतोच.

याहून छुपी चूक किल्ल्याच्या जागेची. चौक बुद्धिबळाच्या पटासारखा रंगवला आहे आणि चारही कोपरे काळे आहेत अशी कल्पना करा. काळी घरं १३, पांढरी १२. डॉमिनो कसाही ठेवा, तो एक काळं आणि एक पांढरं घर व्यापतो. म्हणजे किल्ला काळ्यावरच हवा. तो पांढऱ्यावर आला तर उरतात १३ काळी आणि ११ पांढरी. मग कितीही डोकं लढवा, किमान दोन घरं रिकामी राहणार आणि एक डॉमिनो फुकट जाणार.

चौकाच्या सीमा खेळताना ठरत जातात, म्हणून हे वेळीच बघावं लागतं. किल्ल्याच्या डावीकडे एक आणि उजवीकडे तीन ओळी झाल्या असतील, तर वर-खालीही एक आणि तीनच ठेवा. दोन-दोन केल्या की गणित बिघडलं. आडव्यात दोन-दोन असतील तर उभ्यात दोन-दोन किंवा शून्य-चार. पूर्ण राज्याला ५ आणि किल्ला मधोमध असल्यास १० जादा गुण देणारे ऐच्छिक नियम लावून खेळत असाल, तर हा हिशेब सोडूच नका.

निवडीची हाव

पाठीवर मोठा आकडा असलेला डॉमिनो सहसा सरस असतो, पण तो घेणाऱ्याची पुढची पाळी उशिरा येते. लहान आकडा घेणारा पुढच्या रांगेत आधी निवडतो. राज्यात एकच अडचणीची जागा उरली असेल तर साधा डॉमिनो घेऊन पहिला नंबर लावलेला बरा.

मुलांसोबत

पाच-सहा वर्षांचं कुणी असेल तर त्याला खुशाल कच्चं लिंबू करा आणि पाच बाय पाचची मर्यादा माफ करा. मोठ्यांनी मात्र ‘अगं, तिथे नको, इथे लाव’ हे बंद करावं. त्याने मुलांचा डाव मोठ्यांचाच होऊन बसतो. गुणाकार येत नसेल तर एकेका मुकुटावर बोट ठेवून दर वेळी त्या प्रदेशातली सगळी घरं पुढे मोजत जायची. उत्तर तेच येतं आणि मोजायला मुलंच पुढे सरसावतात.